काशीच्या घाटावरच्या जुन्या वाड्यात मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काशीला घाटावरच्या जुन्या हवेलीत राहायचं ठरलं की पहिला फोन दर विचारायला होतो. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: दारापर्यंत पोचायचं कसं, आणि आपल्या खोलीची खिडकी कुठे उघडते. मुक्काम सुखाचा होतो की दमवणारा, हे बरंचसं या दोन उत्तरांवर ठरतं. पुढचे प्रश्न आणि उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

काशीत अशी ऐतिहासिक आलिशान हॉटेलं कोणती?

घाटावर सगळ्यात ठसठशीत दिसणारा वाडा म्हणजे दरभंगा घाटावरचा ब्रिजरामा पॅलेस. मराठी माणसाला त्याचं मूळ माहीत असायला हवं. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधून घेतला, म्हणून शेजारचा घाट आजही मुन्शी घाट म्हणून ओळखला जातो. १९१५ मध्ये बिहारमधल्या दरभंग्याच्या महाराजांनी हा वाडा विकत घेतला आणि घाटाच्या या भागाला त्यांच्या संस्थानाचं नाव मिळालं. मुन्शी घाटाला लागून अहिल्याबाई घाट, पुढे शीतला घाट आणि मग दशाश्वमेध, असा क्रम आहे.

दक्षिणेकडे शिवाला घाटावर नेपाळच्या राजघराण्याशी संबंधित सूर्योदय हवेली आहे. ती आकाराने लहान आणि तुलनेने शांत आहे. तिसरा पर्याय काशीनरेशांचा नदेसर पॅलेस. तो नदीवर नाही, छावणी भागात बागेच्या मधोमध आहे. खोल्या जेमतेम दहा, आणि गाडी थेट पोर्चपर्यंत जाते. या तिन्ही ठिकाणचा मुक्काम अगदी वेगवेगळा असतो, त्यामुळे फक्त दर शेजारी शेजारी मांडून निवड करू नका.

‘हेरिटेज हॉटेल’ हा सरकारी दर्जा आहे की नुसती जाहिरात?

दोन्ही असू शकतं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेलसाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि किमान पाच खोल्या लागतात. पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे, त्यामुळे नव्या इमारतीला जाळीदार खिडक्या लावून कुणीही हा शब्द पाटीवर लिहितं. शंका असेल तर इमारत कोणत्या साली बांधली आणि आपली खोली मूळ वाड्यात आहे की नंतर जोडलेल्या भागात, हे विचारा.

गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जाते का?

घाटावरच्या वाड्यांना नाही. गोदौलिया चौकाच्या पुढे मोठ्या वाहनांवर निर्बंध असतात आणि तिथून घाटापर्यंतच्या गल्ल्यांत गाय आणि दुचाकी समोरासमोर आल्या तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. म्हणून मोठी हॉटेलं पाहुण्यांना नदीवरून आणतात. गाडी तुम्हाला हॉटेलने सांगितलेल्या घाटावर सोडते. तो बहुधा दक्षिणेचा रविदास किंवा अस्सी घाट असतो, नाहीतर उत्तरेचा नमो घाट. या तिन्ही ठिकाणी रस्ता पाण्याच्या बराच जवळ जातो. तिथून पुढचा प्रवास मोटरबोटीने.

इथे गफलत होते ती अशी. प्रवासी विमानतळावरून टॅक्सी करतो, नकाशावर हॉटेलचं नाव टाकतो आणि टॅक्सीवाला त्याला गोदौलियाला उतरवून निघून जातो. मग बॅगा घेऊन गर्दीतून चालणं नशिबी येतं. तेव्हा टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव न सांगता घाटाचं नाव सांगा, आणि घाटावर पोचायच्या अर्धा तास आधी हॉटेलला फोन करा, म्हणजे बोट तयार राहते.

बुकिंग करताना विचारून घ्यायच्या गोष्टी: नावेचं भाडं दरात धरलं आहे का, ते फक्त येता-जाताचं आहे की रोजच्या फेऱ्यांचंही, आणि रात्री शेवटची नाव किती वाजता सुटते. उशिराचं विमान असेल तर हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नाव बंद झाल्यावर गल्लीतून चालत जाणं हाच मार्ग उरतो. अशा वेळी गोदौलियाला हॉटेलचा माणूस घ्यायला येईल ना, हे आधीच पक्कं करा.

सामान कसं न्यावं?

चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा मध्यम आकाराच्या दोन बॅगा बऱ्या. दगडी पायऱ्यांवर चाकांचा काही उपयोग नसतो, बॅग उचलावीच लागते, आणि ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचाही विचार करावा. औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि एक शाल खांद्याच्या पिशवीत ठेवा. सामान कधी दुसऱ्या नावेने मागून येतं.

आई-वडिलांचे गुडघे दुखतात. घाटावरच्या हॉटेलात नेता येईल का?

येईल, पण विचार करून. पायऱ्या किती चढाव्या लागतील हे नदी ठरवते. मे-जूनमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा नावेतून उतरल्यावर चढण सगळ्यात जास्त. पावसाळा सरल्यावर पाणी वर असतं, तेव्हा त्याच घाटावर कमी पायऱ्या चढाव्या लागतात. घाटाच्या पायऱ्या चुनारच्या वालुकाश्माच्या आहेत, उंचीला सारख्या नाहीत आणि बहुतेक ठिकाणी धरायला कठडा नाही. पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाय घसरतो तो नेमका तिथेच, कारण नावेतून उतरणारा माणूस पहिलं पाऊल त्याच ओल्या पायरीवर टाकतो.

फोनवर असे प्रश्न विचारा: नाव जिथे लागते तिथपासून लिफ्टपर्यंत आज किती पायऱ्या आहेत? लिफ्ट घाटाच्या पातळीपासून सुरू होते की आतल्या चौकातून? खोलीच्या मजल्यावर थांबते की शेवटचा अर्धा जिना चालावा लागतो? न्हाणीघराला उंबरठा आहे का? ब्रिजरामामध्ये दरभंगा संस्थानाच्या काळात हाताने चालवायची लिफ्ट बसवली होती, आणि ती काशीतली पहिली असल्याचं सांगतात. पण वाड्यात लिफ्ट असणं आणि तुमच्या खोलीपर्यंत ती पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पायऱ्या अजिबात जमत नसतील तर हट्ट करू नका. छावणी भागात राहा आणि सकाळी नमो घाटावरून नावेत बसवून घाट दाखवा. तिथे पाण्यापर्यंत उतरणं जुन्या घाटांपेक्षा सोपं आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट पडतं की पैलतीर दिसत नाही, विमानं रखडतात आणि सकाळची नाव उशिरा सुटते. मे महिन्यात पारा सहज ४० च्या वर जातो आणि दगडी घाट रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात.

पावसाळ्यात बुकिंग केलं तर काय होतं?

जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत गंगा भराभर चढते. वाराणसीत इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्येही नदीने धोक्याची पातळी ओलांडली होती.

पाण्याने धोक्याची खूण गाठण्याच्या कितीतरी आधी मुक्कामावर परिणाम होतो. प्रथम खालच्या पायऱ्या बुडतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाण्याची वाट तुटते. मग प्रशासन नावा बंद करतं. दशाश्वमेधची आरती मागे सरकत सरकत शेवटी इमारतीच्या गच्चीवर जाते. म्हणजे तुम्ही ज्यासाठी नदीकाठची महाग खोली घेतली त्या तिन्ही गोष्टी, नाव, घाटावरचा फेरफटका आणि आरती, एकदमच हातच्या जातात. खिडकीतून दिसणारं ते अफाट गढूळ पाणी मात्र विलक्षण असतं, आणि काही जण मुद्दाम त्यासाठी येतात.

पावसाळ्यात यायचंच असेल तर ईमेलवर दोन गोष्टी लिहून घ्या: नावा बंद असतील तर हॉटेलात नेण्याची काय सोय, आणि प्रशासनाच्या आदेशामुळे पोचताच आलं नाही तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार. पूर ओसरल्यावरही लगेच जाऊ नका. पायऱ्यांवर चिकट गाळाचा जाड थर बसलेला असतो. पंप लावून, पाण्याचा फवारा मारून तो पुन्हा नदीत लोटावा लागतो आणि त्याला काही आठवडे जातात.

नदीकडची खोली घ्यावी की आतली?

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत, आणि समोरचा काठ वाळूचा, जवळजवळ मोकळा. म्हणून नदीकडच्या खोलीत पलंगावरून सूर्योदय दिसतो आणि दुपारनंतर खिडकीवर ऊन राहत नाही. पैसे असतील तर दोन रात्रींपैकी एक तरी नदीकडच्या खोलीत काढावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण तिथे पहाटे उशिरापर्यंत झोप मिळत नाही. घंटा, स्नानाला आलेल्यांचे जयघोष, ध्वनिक्षेपकावरची भजनं आणि नावांची इंजिनं, हे सगळं उजाडायच्या आधीच सुरू होतं. संध्याकाळी आरतीचा आवाज दरभंगा घाटापर्यंत स्वच्छ येतो. झोप सावध असेल किंवा सोबत तान्हं बाळ असेल तर आतल्या चौकाकडची खोली घ्या आणि सूर्योदयाला गच्चीवर जा. गच्ची सगळ्या पाहुण्यांना खुली आहे ना, एवढं विचारा.

जुन्या वाड्यात एकाच दर्जाच्या दोन खोल्याही सारख्या नसतात. एकीला झरोका असतो, दुसरीला छताजवळ छोटी खिडकी. ‘रिव्हर व्ह्यू’ या शब्दावर विसंबू नका. खोलीचा क्रमांक, मजला आणि त्याच खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागा. चांगली हॉटेलं विनातक्रार पाठवतात.

जुन्या इमारतीत कोणत्या गैरसोयी असतातच?

भिंती जाड, म्हणून मोबाईलची रेंज आणि वायफाय खोलीच्या एका कोपऱ्यात येतं आणि दुसऱ्यात जातं. छत उंच, म्हणून जानेवारीत खोली तापायला वेळ लागतो: गरम हवा वरच साचते आणि पलंगाजवळ गारठा राहतो. तेलाचा हीटर आणि जादा रजई संध्याकाळीच मागून ठेवा, रात्री बारा वाजता नको. न्हाणीघरं नंतर बसवलेली असल्यामुळे गरम पाण्याच्या नळ्या लांबून येतात. नळ दोन-तीन मिनिटं सोडून ठेवला की पाणी गरम येतं, त्याआधी तक्रारीची गरज नाही. काही दरवाजांच्या चौकटी बुटक्या असतात. उंच माणसांनी पहिल्या दिवशी डोकं सांभाळावं.

बिलात कर किती लागतो?

एका रात्रीचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल तर जीएसटी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, पण या वाड्यांमध्ये ते क्वचितच लागू होतं. उदाहरणार्थ २०,००० रुपयांच्या खोलीवर ३,६०० कर, म्हणजे रात्रीला २३,६०० आणि तीन रात्रींचे ७०,८००. संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरात कर धरला आहे की नाही, हे शेवटच्या पानावर तपासा.

जेवणाचा करही वेगळा ठरतो. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोली ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ ऐवजी १८ टक्के लागतात. जेवणाच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला दिसला तर तो सक्तीचा नाही. नम्रपणे सांगून काढून घेता येतो.

कोणती ओळखपत्रं लागतात?

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं, पत्ता असलेलं: आधार, पारपत्र, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून उतरवून न्या. सोबत परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक असतील तर त्यांचं मूळ पारपत्र आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) लागेलच. त्यांची माहिती हॉटेलला २४ तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते.

जेवण कसं असतं? एकादशीला काय मिळेल?

ब्रिजरामामध्ये जेवण शुद्ध शाकाहारी आहे आणि मद्य मिळत नाही. कांदा-लसूण नको असेल तर ते आदल्या दिवशी सांगा, कारण रस्सा भाज्यांचं वाटण आधीच करून ठेवलेलं असतं. सूर्यास्तानंतर न खाणाऱ्या जैन पाहुण्यांनी वेळही सांगावी.

उपासाचा घोटाळा शब्दांमुळे होतो. आपली भगर तिकडे ‘समा के चावल’, आणि उपासाचं जेवण म्हणजे ‘फलाहारी’. सैंधव घालून करतात. साबुदाण्याची खिचडी मागितली तर मिळते, पण दाण्याचं कूट आपल्याइतकं सढळ नसतं. तसं हवं असेल तर स्पष्ट सांगा.

हॉटेलात नाश्ता दरात धरलेला असला तरी एक सकाळ त्यातून सोडवा. कचोरी-जिलबी गल्लीतच खावी. हिवाळ्यात गेलात तर सकाळी मलइयो खा. थंडीत रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस असतो, तोंडात घातला की विरतो, आणि ऊन चढलं की संपतो. उन्हाळ्यात तो मिळत नाही.

विश्वनाथाच्या दर्शनाची सोय हॉटेल करतं का?

सोबत माणूस देतं आणि तिकिटं काढायला मदत करतं. तिकीट मात्र मंदिर न्यासाचंच असावं. पहाटेची मंगला आरती साधारण ३ ते ४ असते, तिला बरंच आधी यावं लागतं, आणि तिची तिकिटं सणासुदीला लवकर संपतात. ‘सुगम दर्शन’ या न्यासाच्या सशुल्क सोयीत रांग कमी होते. वयस्कर मंडळींसाठी ती घ्याच.

मोबाईल, घड्याळ, पेन, चामड्याचा पट्टा, सगळं खोलीत ठेवून निघा. लॉकरच्या रांगेत तासभर जातो तो वाचतो. ‘लॉकर मोफत, फक्त प्रसाद घ्या’ म्हणणाऱ्या दुकानात प्रसादाच्या टोपलीचा भाव आधी ठरवा.

१३ डिसेंबर २०२१ ला लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धाममुळे आता ललिता घाटावरून थेट मंदिराकडे चढता येतं. घाटावर राहणाऱ्यांना ही वाट सगळ्यात सोयीची. आवारात अहिल्याबाई होळकरांची मूर्ती आहे. आजचं मंदिर त्यांनीच १८व्या शतकात उभारलं, तिथे दोन मिनिटं थांबा.

गंगा आरती कुठून पाहावी?

आरती रोज होते, सूर्यास्तानंतर, साधारण पाऊण तास. नावेतून समोरून दिसते, पण नावा एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहतात की संपेपर्यंत मधून बाहेर पडता येत नाही. लघवीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा लहान मुलांसह जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लाइफ जॅकेट मागा. मोठ्या बजड्यावर, म्हणजे दुमजली नावेवर, वरच्या मजल्यावर बसलात तर डोक्यांच्या वरून दिसतं. दरभंगा घाटावरून दशाश्वमेधला चालत पाच-सात मिनिटं लागतात. तासभर आधी पायऱ्यांवर बसणं हाही उत्तम पर्याय, आणि फुकट.

लहान मुलं सोबत आहेत. काही विशेष काळजी?

अस्सी किंवा रविदास घाटाकडून नावेने दरभंगा घाटाला येताना वाटेत हरिश्चंद्र घाट लागतो. तिथे चिता जळत असतात आणि त्या स्वच्छ दिसतात. उत्तरेकडून आलात तर मणिकर्णिका लागतो. मुलांना आधी समजावून सांगा. त्यांना अचानक दिसण्यापेक्षा ते बरं. फोटो मात्र कुणीही काढू नये. समोर कुणाचं तरी घरचं माणूस असतं.

माकडांचं काय?

खिडकी उघडी ठेवून खोलीबाहेर जाऊ नका. सज्जात फळं, पिशवी किंवा चष्मा ठेवू नका. चष्मा पळवलाच तर मागे धावू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. ते खाऊ देऊन सोडवून आणतात.

किती रात्री राहावं?

दोन. एका रात्रीत दुपारी दोनला चेक-इन आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत चेक-आऊट म्हणजे एकच पहाट मिळते, आणि ती धुक्यात किंवा थकव्यात गेली तर काहीच उरत नाही. तिसरी रात्र हवी असेल तर ती छावणीकडे काढून सारनाथ करावं, ते तिथून जवळ पडतं.

देवदिवाळीला खोली मिळते का?

काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला असते, घाटांवर दिवे लागतात. तेव्हाच्या नदीकडच्या खोल्या कित्येक महिने आधी जातात, दर कितीतरी पट होतात आणि बहुधा किमान रात्रींची अट असते. रद्द केल्यास पैसे परत न मिळण्याची अटही असते. त्या संध्याकाळी नावांची इतकी कोंडी होते की दुपारनंतर पोचणं अवघड. आदल्या दिवशी मुक्कामाला या.

गंगाजल विमानातून नेता येईल का?

आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात १०० मिलीलीटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, देशांतर्गत विमानासाठी कंपनीला विचारा. तांब्याचा सीलबंद गडू चेक-इन बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. हलक्या गडूचं झाकण हमखास पाझरतं. काशीचं गंगाजल घरी नेऊ नये असंही पुष्कळ घरांत मानतात, तेव्हा निघण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा.

परतीच्या विमानासाठी हॉटेलातून कधी निघावं?

बाबतपूरचा विमानतळ घाटांपासून सुमारे २५ किलोमीटर आहे. नाव, पायऱ्या, गाडी, शहरातली गर्दी आणि विमानतळावरची तपासणी, हे सगळं धरून उड्डाणाच्या चार तास आधी खोली सोडा. धुक्याच्या दिवसांत पाच. सकाळी पहिलं विमान असेल तर इतक्या पहाटे नाव मिळेल का हे आदल्या संध्याकाळीच विचारा. नसेल मिळत, तर हमाल आणि गल्लीची वाट ठरवून ठेवा आणि बिल रात्रीच चुकतं करा.